सतरंजीवरचा पखवाज

कपाट आवरताना खोलीतला आवाज मोजायचा बोटभर लांबीचा माईक हाती लागला आणि लातूरच्या घरातली उन्हाळ्यातली एक दुपार आठवली. एक हात लुळा पडल्यावर वडील मुखेडहून माझ्याकडे राहायला आले होते. गावच्या भजनाचं जुनं रेकॉर्डिंग मी नव्या स्पीकरवर लावलं. त्यात पखवाज त्यांचाच. ऐकून म्हणाले, "नुसतं घुमून राहिलंय. माझा पखवाज कुठं हाय?" दोष खोलीचा होता, भिंतींमुळे खर्ज घुमत होता, आणि तो काढल्याशिवाय मी उठणार नव्हतो. पंखा बंद, खिडक्या बंद, अंगातून घामाच्या धारा. सोफ्यावर, कानाच्या उंचीला माईक उभा केला. स्पीकरमधून खर्जापासून शिट्टीपर्यंत चढत जाणारा सूर सोडला, लॅपटॉपवरच्या आलेखात जिथं खर्ज फुगलेला दिसला तिथं तो खाली आणला. सोफ्यावर बसून ऐकलं तर थाप अगदी स्वच्छ! वडिलांना हाक मारली. ते आले आणि रोजच्यासारखे भिंतीला टेकून सतरंजीवर मांडी घालून बसले. "अजून तसंच हाय." मी म्हणालो, "अण्णा, सोफ्यावर बसा की." "भजन काय सोफ्यावर बसून ऐकतेत का?" मी चिडलो, पण माईक उचलला, सतरंजीवर त्यांच्या कानाशी धरला आणि सगळं पहिल्यापासून मोजून खर्ज त्या जागेसाठी बसवला. भजन पुन्हा लावलं. त्यांच्या चांगल्या हाताची बोटं फरशीवर ठेका धरू लागली. वडील आता नाहीत. सोफ्यावर बसलेले पाहुणे म्हणतात, पखवाज दबल्यासारखा वाटतो. मी मोजमाप बदलत नाही; त्यांना सतरंजीवर बसायला सांगतो.