लग्नातलं पांढरं पातळ

ऐंशीनंतरची गोष्ट. आम्ही आलापल्लीला सागवानाच्या डेपोजवळ क्वार्टरात राहायचो. आमचे हे लाकडांवर नंबर टाकायचे. उरलासुरला रंग घरी यायचा, पांढरा, काळा, लाल. मी कुठं शिकले नव्हते, पण फळीच्या तुकड्यांवर काहीबाही काढत बसायची. पाखरं झाली, बैल झाले. एकदा वाटलं, आपणच राह्यलो की!

दुपारी आरसा खिडकीत ठेवला. बाहेर सागाची पानं हलली की आरशातलं माझं तोंड पाण्यात असल्यासारखं हिरवं-पिवळं व्हायचं. ब्रश हातात तसाच, मी नुसती बघत. चहा निवून जायचा.

तोंड जमलं. पण अंगावर काय? रोजचं विटकं पातळ चित्रात कोण घालतं! पेटीतलं लग्नाचं पांढरं काढलं. आम्हा बौद्धांत नवरी पांढऱ्यातच उभी राहते. नेसले, अन् खरं सांगते, आरशातली बाई अठराची झाली.

चार दिवसांत चित्र झालं. हे तेव्हा कटाईला जंगलात गेलेले. शेजारच्या बाई डोकावल्या आणि दारातच थबकल्या.

"अवं बाई, भाऊ जित्ते हायेत ना? काऊन विधवेसारखी काढली सोताले?"

"आमच्यात लग्नाचं हेच असते."

"असन. पण भिंतीवरच्या बाईले कोण विचारते, तू कोणाच्यातली म्हून?"

त्या गेल्या, पण मला बसवेना. ह्यांचा चार दिवस काही निरोप नाही. पांढरं पाहवेना. सगळं पातळ लाल करून टाकायचं म्हणून ब्रश बुडवला, तेवढ्यात हे दारात उभे, मिशीपर्यंत धूळ.

"काय करून राह्यली?"

"लाल करून राह्यली. लोक म्हणतीन, तुमच्या माघारी..."

हे चित्रासमोर उकिडवे बसले.

"थे लग्नातलंच हाय ना? मंग डाग कुठी गेला?"

"कोणता डाग?"

"आलूवांग्याच्या रश्शाचा. जेवताना माह्या हातून उडाला होता तुह्या पदरावर. कशी डोळे वटारून पाह्यत होती!"

"धुऊन गेला न तो कधीचा."

"मले दिसते."

मी लालात जरासा काळा मिसळला आणि पदरावर चिंचोक्याएवढा डाग दिला. बाकी पांढरं ठेवलं.

चित्र बाहेरच्या खोलीत लागलं. कोणी थांबून पाहिलं की हे आधी डागाचंच सांगायचे. शेजारच्या बाई मात्र म्हणायच्या, "एवढं चित्र काढलं, अन् पातळ धुतलं नाई!"