दाजींची उसनी जीभ

माझ्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, ग्वाक दूमान. एकतीस वर्षं त्यांनी यंगचन ते बोंगह्वा बस चालवली. गाडी सरळ हाकली तर तीन तासांचा रस्ता, आणि वाटेत प्रत्येक गावी जेवायचं म्हटलं तर जन्म पुरत नाही एवढा पसरलेला आमचा प्रांत. दाजींनी पगार पहिल्यासाठी घेतला आणि जीव दुसऱ्यात लावला. कुठल्या थांब्यामागे कोण म्हातारी बैलाच्या डोक्याचा रस्सा उकळते, कुठल्या घाटात पाइनच्या पानांवर डुकराचं मांस भाजतात, कुठल्या खाटकाकडे कोणत्या वारी जायचं, सगळं त्यांना पाठ. निवृत्त झाल्यावरही लोकांचे फोन यायचे, "दूमानभाऊ, उईसंगला आलोय, कुठं बसू?" दाजी आधी विचारायचे किती जण आहात, मग म्हाताऱ्यांचे दात कसे आहेत, आणि मग पत्ता सांगायचे. ते म्हणतात एकदाही चुकले नाहीत. मी दोनदा चुकलेले पाहिलेत, पण मोठ्या माणसाच्या तोंडी कशाला लागा.

त्यांची एकुलती मुलगी इसल. तिचं जमलं ते मोक्पोच्या जेहाशी. मोक्पो म्हणजे देशाचं पार दुसरं टोक. तिकडच्या माणसाच्या ताटाभोवती वीस वाट्या नसतील तर त्याला जेवल्यासारखं वाटत नाही. आमच्याबद्दल त्यांचं मत असं की या पूर्वेकडच्यांना मीठ आणि तिखट सोडून तिसरी चव माहीत नाही. हे ऐकलं की आमचं डोकं फिरतं. खरं सांगायचं तर, आत कुठेतरी आम्हालाही तीच शंका असते, म्हणूनच फिरतं. त्यात जेहाची आई मालसुकबाई. नवरा गेल्यावर बंदरावर चौतीस वर्षं खानावळ चालवून त्यांनी पोराला वाढवलं.

लग्नाआधी दोन्ही घरं एकदा एकत्र जेवतात. तारीख, देणंघेणं, सगळं त्याच जेवणात ठरतं. ही बैठक आमच्याकडे व्हायची होती, ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी, आणि जागा शोधायची दाजींनी.

इसलने सोलहून फोनवर अटी सांगितल्या. बंद खोली हवी. धूर नको. हाडं नकोत. हाताने फाडून खायचं काही नको.

"अप्पा, हॉटेलात करू ना. सगळे तिथंच करतात."

"हॉटेलात विहीणबाई खाणार काय? पडदे?"

"अप्पा, मला भीती वाटते हो."

"मी आहे ना," दाजी म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ ते त्या फोनकडे बघत बसले. मी समोरच होतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोर त्यांची गाडी उभी. माझं बाजारात शिक्के कोरायचं दुकान आहे. हल्ली सगळे सहीच करतात, त्यामुळे मला वेळच वेळ.

"तेसाम, चल. जेवायला."

फुकटचं जेवण कोण सोडतो? गेलो. पहिली खानावळ बंद, दाराला वेल चढलेली. दुसऱ्या ठिकाणी एक पोरगी काचेच्या मागे कॉफी विकत होती. दाजी तिला विचारत राहिले, "इथली आजी?" ती म्हणाली, "कुठली आजी?" तिसऱ्या गावात माणूसच दिसेना, एक कुत्रं तेवढं रस्ता ओलांडून गेलं. शेवटी बोंगह्वाजवळ पाइनवरच्या डुकराचं एक दुकान चालू सापडलं.

मी जेवत होतो आणि दाजी माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कसंय?"

"चांगलंय."

"चांगलंय म्हणजे काय? मीठ? धूर लागतोय का? चरबी आधी कळते की मांस?"

"तुम्हीही खाताय की!"

त्यांनी लेट्यूसच्या पानावर मांसाचा तुकडा ठेवला आणि वर खारवलेला जवळा घातला. हा जवळा दोन-चार कण घ्यायचा असतो. दाजींनी चमचा भरून घातला, पान गुंडाळलं, तोंडात टाकलं आणि शांतपणे चावत राहिले. तेवढं मीठ बघून माझीच जीभ आत वळली. त्यांच्या कपाळाला आठी नाही.

"दाजी," मी म्हणालो, "काय झालंय तुम्हाला?"

त्यांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. गेल्या हिवाळ्यात ताप आला होता, त्यानंतर चव गेली. वास गेला. डॉक्टर म्हणे, येईल किंवा येणार नाही. सहा महिने दाजी आठवणीवर जेवत होते. मुळा तोंडात घातला की मुळा कसा लागायचा ते आठवायचं, आणि ताईला म्हणायचं, वा. लोकांचे फोन घेणंही त्यांनी बंद केलं होतं. सांगितलेली जागा बंद निघाली तर, आणि चालू असून वाईट निघाली तर, कळणार कसं?

"ताईला सांगितलं?"

"वेडा आहेस का? ती इसलला सांगेल. इसल ते पोराला सांगेल. मग विहीणबाई इथं येणार त्या कोणाच्या भरवशावर?"

"मग मला कशाला आणलंत?"

"तुझी जीभ पाहिजे."

"माझी? दिवसाला वीस सिगरेटी ओढतो मी!"

"जवळ दुसरी नाहीये रे," दाजी म्हणाले, आणि ते इतकं हताशपणे म्हणाले की मला त्यांचा राग आला. माणसाने निदान थोडी खुशामत करावी.

परतताना गाडीत ते एकटेच बोलत होते. इसल लग्नानंतर मोक्पोला राहणार. रोज त्या बाईच्या हातचं जेवणार, रोज तिच्यासमोर बसणार. पहिल्याच दिवशी आपण फिके पडलो तर त्या घरात तिची किंमत तेवढीच. तोंडावर कोणी बोलणार नाही, पण प्रत्येक घासाला मनात म्हणतील, या बिचारीच्या घरी काय खाल्लं असणार!

सात आठवडे आम्ही हिंडलो. आनदोंगला खारा बांगडा खाल्ला, उईसंगला लसणावर वाढवलेल्या बैलाचं मांस खाल्लं, चंगदोला डोंगरात काळी बकरी खाल्ली. तिथल्या मालकाने शपथेवर सांगितलं की बकरी इथलीच, आणि मागच्या दारात परदेशी खोकी रचलेली. एका दिवशी तीन जेवणं व्हायची. मी पाच किलोने वाढलो आणि दाजी वाळत चालले. ताईला वाटलं आम्ही दोघं जुगार खेळायला जातो. तिने मला बाजारात गाठून, मच्छीवाल्यांच्या देखत, लाजच काढली.

दाजींच्या मनात खरं होतं कच्चं मांस. आमच्याकडे ताज्या बैलाच्या मांडीचे जाड तुकडे तिखट तेलात बुडवून खातात, आणि ते मोक्पोत मिळेल त्यापेक्षा चांगलं असतं, हे मी देवासमोरही सांगेन. पण ते त्याच सकाळी कापलेलं लागतं. रविवारी कत्तलखाना बंद. रविवारी कच्चं मांस वाढणारा माणूस एक तर चोर किंवा वेडा, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं. दाजींनी तीन खाटकांना विचारलं, तिघेही हसले. मग दाजींनी इसलला फोन केला, शनिवार चालेल का म्हणून. ती नाही म्हणाली, मालसुकबाईंची खानावळ शनिवारी भरलेली असते. तो शेवटचा पर्यायही गेला. त्या आठवड्यात दाजी रोज सकाळी माझ्या दुकानात येऊन बसायचे. मी शिक्का कोरत असलो की माझ्या हाताकडे बघायचे. दोन शिक्के मी वाया घालवले.

शेवटी जागा सापडली ती घरापासून अर्ध्या तासावर. यंगचनच्या उत्तरेला डोंगराच्या पायथ्याशी एक घर, आत तीन खोल्या. सासू गेल्यावर आता सून चालवते. उकडलेलं बैलाचं मांस, रानभाज्या, आणि खारवलेली मुशी, म्हणजे लहान शार्क, वाफवलेली, विटेएवढाले तुकडे. आमच्याकडे श्राद्धाला ही मुशी नसेल तर पितर ताटावरून उठून जातात. मी एक तुकडा खाल्ला. दुसरा खाल्ला. भात मागवला.

"हेच," मी म्हणालो.

"खरं?"

"खरं."

"आईची शपथ?"

"आईला मध्ये आणू नका."

दाजींनी तिथल्या तिथे दिवस पक्का केला आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. मला म्हणाले, "तेसाम, मी तुझ्यावर पोरीचा संसार ठेवतोय." मी सिगरेट पेटवणार होतो, ती खिशात परत घातली.

रविवार उजाडला. ताईने नवा पोशाख घातला होता. इसल दर पाच मिनिटांनी वाट्या सरळ करत होती. मालसुकबाई आल्या त्या लहानखुऱ्या, केस घट्ट बांधलेले, हातावर तेलाच्या चटक्यांचे जुने डाग, आणि कापडात बांधलेला एक डबा. डबा त्यांनी आपल्या मागे ठेवला. हवापाण्याचं बोलणं झालं. मग दाजींनी मुशीचा सर्वात चांगला तुकडा त्यांच्या ताटलीत ठेवला, आणि आम्ही सगळे श्वास धरून बसलो.

त्यांनी घास घेतला. सावकाश चावला. "छान आहे," म्हणाल्या, आणि पाणी प्यायल्या. मग मांस खाल्लं, मग परत पाणी. जेहाने पेला भरला. त्यांनी परत मुशी घेतली, आणि तिसरा पेला.

तेव्हा मी पहिल्यांदा नीट लक्ष देऊन खाल्लं. खारट होती. नुसती खारट नाही, मिठागरात बसून खावी तशी. मला चाळीस वर्षं तेवढंच मीठ लागतं, म्हणून मला ती बरोबर वाटली होती! माझ्या गावात कोणालाही बरोबरच वाटली असती. दाजी माझ्याकडे बघत होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"विहीणबाई," दाजींचा आवाज चिरकला, "मीठ..."

"नाही, नाही. अगदी बरोबर," मालसुकबाई म्हणाल्या आणि नम्रपणे भात खाऊ लागल्या. नुसता भात. इसलचे डोळे भरून आले होते. तिला चव कळत होती आणि कारण कळत नव्हतं. ताई तर मीठ-तेल काहीही न बघता भराभर सगळ्यांना वाढत सुटली होती.

मग बाईंनी डबा पुढे घेतला. "आमच्याकडे हिच्याशिवाय कुठलं शुभकार्य होत नाही. मालकिणीला विचारलंय मी. तुम्हाला नको असेल तर राहू दे."

झाकण उघडलं आणि खोलीत कोणीतरी गोठा आणून ठेवला. आंबवलेली पाकट, तो चपटा मासा! ताईचा रुमाल नाकाला. माझ्या डोळ्यांतून पाणी. खिडकी उघडायची माझी हिंमत झाली नाही. बाईंनी पाकटीचा तुकडा, डुकराच्या मांसाचा तुकडा आणि कोबीची जुनी किमची एकावर एक रचली आणि दाजींच्या ताटलीत ठेवली.

दाजींनी ती तोंडात टाकली. आठ महिने सगळं खाल्लं त्याच सराईत चेहऱ्याने चावायला लागले, आणि अर्ध्यावर थांबले. नाक लाल झालं. कान लाल झाले. डोळ्यांतून धारा लागल्या.

"अप्पा, थुंका! थुंका तुम्ही!" इसल ओरडली.

दाजींनी हात वर केला. गिळलं. "लागलं," म्हणाले.

"काय लागलं? कुठं लागलं?" ताई घाबरली.

"इथं. नाकात. वरपर्यंत." आणि त्यांनी ताटली पुढे केली. "अजून एक द्या."

मालसुकबाई हसल्या. "पहिल्यांदा सगळेच रडतात, व्याही."

"तसं नाही हो," दाजी म्हणाले, आणि मग सगळंच सांगून टाकलं. ताप, आठ महिने, आठवणीवरचं जेवण, आणि आज पहिल्यांदा जाणवलेला हा झणका. रडत होते आणि खात होते.

"आठ महिने?" ताई म्हणाली. "आणि माझं सूप रोज छान, छान म्हणत होता ते?"

"ते आधीपासूनच छान होतं."

मालसुकबाईंनी काड्या खाली ठेवल्या. मला वाटलं, संपलं. आजारपण लपवणारं घर, चार माणसांना फसवणारा बाप. इसलचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं.

"मग ही जागा निवडली कोणी?" त्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जेहासुद्धा.

"खारट आहे," बाई मला म्हणाल्या. "फार खारट आहे. मुशी पाण्यात तासभर तरी कमी भिजली."

मी मान खाली घातली. दाजी मात्र पुढे सरकले. "आणि मांस?"

"मांस काय?"

"चव सांगा ना. मला खरी सांगा. यातलं कोणीच मला खरी सांगत नाही."

मालसुकबाईंनी पदार्थ एकेक करून स्वतःपुढे ओढले. मांस उत्तम, म्हणाल्या, बैल तरुण होता, आणि उकळताना आलं थोडं उशिरा पडलंय. फर्नची भाजी कोवळी, शेवटी किंचित कडू, ती तशीच हवी. दाजी डोळे मिटून ऐकत होते, मान हलवत होते. पालकाला तिळाचं तेल जास्त झालंय, त्या म्हणाल्या.

"सासू होती तेव्हाही जास्तच घालायची," दाजी म्हणाले. "तीळ कसे भाजलेत? करपवलेत का?"

त्यांनी अजून एक घास घेतला आणि विचार करत चावू लागल्या.

"अप्पा," इसल हळूच म्हणाली, "लग्नाच्या तारखेचं..."

"थांब," दोघंही एकदम म्हणाले.