अर्ध्यावर थांबलेली फुलं

तुमच्या घरी जिन्याजवळच्या भिंतीवर पणजीचा फोटो आहे. खुर्चीत बसलेली पणजी, तिच्या मांडीवर सहा महिन्यांचा थोरला, आणि पणजीच्या पांढऱ्या केसांत अडकलेली सोन्याची फुलं. तो तुम्ही येता-जाता बघता. पण तो फोटो पणजीला दाखवता यावा म्हणून इथे राजाजीनगरच्या घरात तीन आठवडे काय चाललं होतं, ते तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं यश त्यात नव्हतं, म्हणून असेल. पुढचं मी, तुमची आजी, थोरल्याशी बोलते आहे. धाकटीने रागावू नये, ती तेव्हा जन्मली नव्हती.

आपल्याकडे पणतूचं तोंड पाहिलं की पणजीवर सोन्याची फुलं उधळतात. तुझे आई-बाबा तुला घेऊन अमेरिकेहून दहा दिवसांसाठी आले, तेव्हा तुझ्या आजोबांनी चामराजपेटेतल्या आमच्या जुन्या सोनाराकडून तीळभर आकाराची पाच सोन्याची आणि मूठभर चांदीची फुलं करून आणली. पणजी म्हणजे माझ्या सासूबाई. तेव्हा त्या नव्वदीच्या पुढे होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं होतं, त्या डोळ्याने त्या अजून तांदळातले खडे वेचायच्या.

समारंभासाठी मी नेहमीच्या फोटोवाल्याला सांगून ठेवलं होतं. तुझ्या बाबांनी त्याला नको म्हणून कळवायला लावलं. त्यांच्याकडे नवा डिजिटल कॅमेरा होता. "आई, आता रोल धुवायची भानगडच नाही. एवढ्याशा कार्डात सगळं बसतं." ते कार्ड टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढं होतं. मला तेव्हाही त्याचा भरवसा वाटला नव्हता, पण पाहुणे दारात होते.

फुलं उधळली गेली. सगळे एकदम ओरडले, कुणाची तरी बांगडी माझ्या कानाला लागली आणि दोन मिनिटांत सगळं संपलं. रात्री सासूबाईंच्या केसांतून फुलं वेचताना त्या मला म्हणाल्या, "अगं, मला काही दिसलंच नाही."

"काय दिसलं नाही?"

"फुलं. अंगावर काही येतंय म्हटल्यावर माणूस डोळे मिटतो की नाही? मीही मिटले. माझ्यावर फुलं पडली, आणि मलाच दिसली नाहीत."

"फोटोत दिसतील," मी म्हणाले.

हे मी फार सहज बोलून गेले.

जाताना तुझे बाबा घाईत होते. त्यांनी आपला जुना लॅपटॉप माझ्यासाठी ठेवला आणि त्यासोबत कार्ड वाचायची एक चपटी डबी. डबीच्या वायरीच्या टोकाला खेळायच्या पत्त्याएवढी धातूची पट्टी होती. ती लॅपटॉपच्या कुशीतल्या फटीत सरकवायची, डबीत कार्ड घालायचं की फोटो पडद्यावर दिसणार. तिथे पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दोन सारख्या दिसणाऱ्या कार्डांपैकी रिकामं कार्ड आपण घेऊन आलो. फुलांचं कार्ड इथे, माझ्या टेबलाच्या खणात. त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"पोस्टाने पाठवू नकोस, हरवलं तर संपलं," ते फोनवर म्हणाले. "माझा एक मित्र पुढच्या महिन्यात तिकडून निघतोय, त्याच्याकडे दे. तोवर तू आजीला लॅपटॉपवर दाखव. मी सांगतो तसं कर."

मी पेन्सिल घेतली. तुला ठाऊक आहे, मी अठ्ठावीस वर्षं कचेरीत स्टेनोग्राफर होते. त्यांनी सांगितलेलं सगळं मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलं, मग फुलस्केप कागदावर आकडे घालून सुवाच्य अक्षरात त्याची पक्की प्रत केली आणि शॉर्टहँडचा कागद फाडून टाकला. कचेरीत मी असंच करायची. साहेब बोलत सुटायचे, मधली गोष्ट आधी, आधीची शेवटी. मी त्याला क्रम लावायची. त्याबद्दल मला दर वर्षी शेरा मिळायचा, 'अत्यंत व्यवस्थित'.

लॅपटॉप सुरू केला. त्यात लिनक्स नावाची वेगळीच सिस्टिम होती. बाहेर कॉम्प्युटरच्या दुकानात दिसायची तसली रंगीत चित्रं त्यात आधी यायचीच नाहीत, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावत जायच्या. मी कागदावरच्या सूचना एकेक करत गेले. डबीत कार्ड घातलं. पट्टी फटीत सरकवली. तुझ्या बाबांनी सांगितलं होतं, यंत्र दोनदा 'पीं पीं' करेल, दोन्ही आवाज सारखे आले की काम झालं. पहिला आवाज उंच आला. दुसरा घसा बसल्यासारखा. आणि मग काहीच नाही. पडद्यावरची लुकलुकणारी रेघ लुकलुकायची थांबली. कुठलीही कळ दाबा, काही होईना.

बंद करायला बटण पाच-सहा सेकंद दाबून धरावं लागायचं. तुझे आजोबा पेपरमागून म्हणाले, "बंद करतेस की गळा दाबतेस?"

पुन्हा सुरू केलं की ते यंत्र आधी मला सुनवायचं. गेल्या खेपेला नीट बंद केलं गेलं नाही, म्हणून सगळी तपासणी करतो आहे, अशा अर्थाची इंग्रजी ओळ यायची आणि मग दहा मिनिटं कुरकुर चालायची. आयुष्यात मी एक कपाट उघडं टाकलेलं नाही, आणि एक यंत्र मला रोज गबाळी म्हणत होतं. तपासणी संपली की मी पुन्हा कागद समोर ठेवायची, पुन्हा कार्ड, पुन्हा पट्टी, पुन्हा तो बसका आवाज. मी कार्ड मऊ फडक्याने पुसलं. पट्टी हळू सरकवून पाहिली, जोरात सरकवून पाहिली. सकाळी यंत्र थंड असतं म्हणून सकाळी करून पाहिलं. कागदावरून मात्र मी एक शब्दही इकडचा तिकडे केला नाही.

आतल्या खोलीतून सासूबाई रोज विचारायच्या, "आला का गं फोटो?"

"अजून नाही, आई."

"इंग्रजी शिकलेली सून आणली," त्या भिंतीला सांगायच्या, "एक डबी उघडेना."

दुसऱ्या आठवड्यात त्यांना ताप आला. न्यूमोनिया नाही म्हणाले डॉक्टर, पण त्या अंथरुणाला लागल्या, आणि प्रश्न विचारायचा आवाज बारीक झाला. त्या चिडून विचारत होत्या तोवर ठीक होतं. आता त्या विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता डोळे मिटायच्या.

मी लॅपटॉप शबनम पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेले. तिथल्या गृहस्थांनी धावत्या ओळी पाहिल्या आणि कन्नडमध्ये म्हणाले, "अम्मा, हे लिनक्स. स्वल्प कष्ट आहे."

"थोडे कष्ट झाले तरी चालतील."

"आतलं सगळं पुसतो, दुसरी सिस्टिम घालतो. उद्या संध्याकाळी घेऊन जा."

"आत माझ्या मुलाची कामं आहेत."

"ती जातील."

"मग नको."

"सरी, अम्मा," ते म्हणाले, म्हणजे ठीक आहे, आणि लॅपटॉपचं झाकण आजारी माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं हलक्या हाताने लावलं. "मुलालाच विचारा. ज्याने हे घातलं, त्यालाच हे कळणार."

शनिवारी रात्री झोपायच्या आधी तुझ्या बाबांचा फोन आला. आम्ही दोघंही वैतागलेले होतो. "आई, तू नक्की काय करतेस ते मला वाचून दाखव." मी माझी पक्की प्रत वाचायला लागले. एक, लॅपटॉप सुरू करणे. दोन, कार्ड डबीत घालणे. तीन, पट्टी फटीत सरकवणे.

"थांब, थांब. हे मी असं सांगितलं नव्हतं."

"तूच सांगितलंस."

"मी म्हणालो होतो, आधी रिकामी डबी जोड. दोन आवाज येऊ देत. मग कार्ड घाल. भरलेली डबी लावली की तो लॅपटॉप झोपतो, माहीत आहे मला."

मला आठवलं. त्यांनी तसंच सांगितलं होतं. लिहून घेताना मला वाटलं होतं, हा नेहमीप्रमाणे उलटसुलट बोलतोय. डबा फडताळात ठेवायच्या आधी भरतात, ठेवल्यावर नाही. म्हणून पक्की प्रत करताना मी दोनाचे तीन आणि तिनाचे दोन केले होते. आणि मूळ कागद फाडला होता. पंधरा दिवस मी माझी स्वतःची चूक सुवाच्य अक्षरात समोर ठेवून तंतोतंत पाळत होते.

"आई? ऐकतेस ना?"

"ऐकते आहे."

"असू दे गं. आता बरोबर होईल."

रविवारी जेवणं झाल्यावर मी बसले. रिकामी डबी जोडली. पीं, पीं. दोन्ही आवाज सारखे. मी हातांनी डोळे पुसले आणि कार्ड घातलं. सांगितलेले शब्द एकेक अक्षर बघून टाइप केले. पडद्यावर यादी आली. तुझ्या बाबांनी चौदा नंबरचा फोटो उघडायला सांगितलं होतं. मी तो उघडला.

फोटो वरून खाली उमटायला लागला, खिडकीचा पडदा कोणी सावकाश ओढावा तसा. आधी भिंत. मग वरून येणारे दोन हात, माझेच. मग पांढरे केस, त्यांत पिवळे चार-पाच ठिपके. कपाळ. डोळे, नाक, हनुवटी. गळ्यातली पोत. आणि पोतीपाशी येऊन तो थांबला.

मी पाच मिनिटं हात मांडीवर ठेवून बसले. ते खाली आलंच नाही. खाली तू होतास. पडद्याचा खालचा अर्धा भाग काळाच राहिला. कळा दाबल्या, काही नाही. यंत्र पुन्हा झोपलं होतं, या वेळी फोटो उमटता उमटता. बटण दाबलं असतं तर जे आलं होतं तेही गेलं असतं, आणि पुन्हा एवढं येईल की नाही, कोण सांगणार?

तुझे आजोबा उठून आले. वाकून पडदा बघितला. मग म्हणाले, "आहे तसं उचल."

आम्ही दोघांनी लॅपटॉप ताटासारखा धरून, वायर भिंतीपासून न काढता जेवढी पुरली तेवढी ओढून सासूबाईंच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत नेला. पुढे वायर पुरेना. ती काढली तर जुनी बॅटरी जेमतेम दहा मिनिटं टिकायची. तुझ्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि वायर काढली.

मी लॅपटॉप सासूबाईंच्या पांघरुणावर ठेवला. त्यांनी चष्मा मागितला. मान थोडी तिरकी करून चांगला डोळा पडद्याकडे नेला.

"ही मी?"

"हो, आई."

"फुलं दिसताहेत." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं, केसांच्या जागी. "एक, दोन... हे कपाळावर आलंय बघ." मग त्यांचं बोट खाली सरकलं आणि त्या हसल्या, खोकत खोकत हसल्या. "अगो बाई, डोळे मिटलेलेच आहेत की माझे!"

"मिटणारच. तुम्ही म्हणाला होतात."

"बाळाने तरी बघितली का?"

मी पडद्याच्या काळ्या भागाकडे पाहिलं.

"बाळ कुठंय?"

"खाली आहे, आई. अजून यायचंय."

"येऊ दे," त्या म्हणाल्या. "बघते मी."

त्या काळ्या भागाकडे बघत राहिल्या. बाजूला एक बारीक लाल दिवा उघडमीट करायला लागला होता. तो मला दिसत होता, त्यांना नाही. वायर आणावी, खुर्ची सरकवावी, काही तरी करावं असं वाटत होतं, आणि मी नुसती पांघरुणाची कड धरून उभी होते. मग पडदा विझला.

"गेलं का करंट?" त्यांनी विचारलं.

"गेलं," मी म्हणाले.

"आलं की दाखव."

नंतर मी चार वेळा करून पाहिलं. एकदाही तेवढंसुद्धा उमटलं नाही. कार्ड तुझ्या बाबांच्या मित्राबरोबर गेलं. तिकडून फोटो छापून, पुठ्ठ्यात घालून आले तेव्हा सासूबाईंचा तेरावा होऊन गेला होता. त्यांच्या खोलीतला पलंग आम्ही अजून हलवला नव्हता. पाकीट मी तिथेच बसून उघडलं.

फोटो पूर्ण होता. पणजीचे डोळे मिटलेले. तिच्या पोतीच्या खाली तू, लाल टोपडं, एक मूठ तिच्या पदरात. टोपडं मागे सरकलं होतं, कारण तुझी मान पूर्ण वर होती. तोंड उघडं आणि डोळे एवढे मोठे.

तू बघत होतास. सगळी फुलं तू बघितलीस. पलंगाशेजारी बसून मी ते मोठ्याने सांगितलं. सांगायची माझी वेळ चुकली होती, पण प्रश्न त्यांनी मला विचारला होता.