चौथ्या कोपऱ्यावरची टोपी

मंडळी, आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. आमचं घर बौद्ध, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेलं. लहानपणी कुणी भुताची गोष्ट काढली की बाबा विचारायचे, पाहिलं कोणी? पत्ता काय त्याचा? त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण इथे आवडत्या इंडी गेम्सचा विषय निघालाय, आणि माझ्या आवडत्या गेमबद्दल लिहायचं तर हे टाळून लिहिता येत नाही.

मोठमोठ्या कंपन्यांचे गेम मी खूप खेळलेय. बंदुका, गाड्या, ड्रॅगन... संपले की विसरले. मनात राहिला तो हा, कुठल्याशा दूरदेशीच्या नवरा-बायकोने घरी बसून बनवलेला. एक बेट, एक घर आणि मोठी टोपी घातलेला एक बिनचेहऱ्याचा माणूस. लाल फळं तोडायची, अंगणात वाळत घालायची, समुद्राकडे बघत बसायचं. जिंकणं नाही, हरणं नाही. कुठलीही वस्तू उचलून कुठेही ठेवता येते, बस्स. अशा रिकाम्या जागेत आपण आपलंच काहीतरी आणून ठेवतो, म्हणून हे छोटे गेम सुटत नाहीत, असं मला वाटतं.

आमच्या बेटावर ते आणून ठेवलं बाबांनी. ते मूळचे भिवापूरचे, अख्खं बालपण मिरची वाळवण्यात गेलेलं. आई गेल्यावर मानेवाड्याच्या घरात आम्ही दोघंच. ऑफिसमधून आले की मी सोफ्यावर बसून हातातल्या कन्सोलवर खेळायचे आणि ते शेजारून बघायचे. एक दिवस म्हणाले, दे इकडे, तुले जमून नाही राहिलं.

त्या फळांना ते मिरचीच म्हणायचे. लाल आहे, वाळत घालतात, मग मिरची नाही तर काय! बेटावर संध्याकाळ झाली की तुटक्या होडीचं शीड ओढत आणून मिरचीवर पसरायचे. तीन कोपऱ्यांवर तीन दगड, आणि चौथ्यावर मात्र त्या माणसाची टोपी काढून ठेवायचे. गावाकडे ताडपत्रीच्या चौथ्या कोपऱ्यावर ते स्वतःची चप्पल ठेवत म्हणे. मी विचारलं, काहून?

"धनी गेला नाही, वापस येऊन राहिला... एवढं समजते लोकांले."

मी म्हणायचे, बाबा, या गेममध्ये दव पडतच नाही, उगाच काय झाकता? त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर — तुले काय माहीत वं? रात्री तू तिथं राहते का?

मागच्या हिवाळ्यात त्यांची बायपास ठरली, धंतोलीतल्या एका हॉस्पिटलमध्ये. हृदय फार कमजोर आहे, खात्री देता येणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सकाळी आत नेलं, दुपार झाली तरी निरोप नाही. बाहेरच्या हॉलमध्ये वर्ध्याची, यवतमाळची, कुठकुठची माणसं डबे उघडून बसलेली, संत्र्याच्या सालींचा वास, पायावर खिडकीतलं ऊन. मला भयंकर भीती वाटत होती. हात गप्प बसेनात म्हणून कन्सोल काढला. बेटावर नेमकी संध्याकाळ होत होती आणि मिरची उघडी. शीड ओढायला गेले आणि थांबले... झाकायचं काम बाबांचं. आज ते मी केलं तर मीच त्यांना गेलेलं धरल्यासारखं होईल. येडपणाच, पण नाहीच झाकलं. कन्सोल बंद केला, पर्समध्ये टाकला, चेन लावली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसले.

त्या उन्हात केव्हा डोळा लागला कळलं नाही. स्वप्न म्हणावं असं काही दिसलं नाही. फक्त लाटांचा आवाज येत होता, लांबून, आणि वाळत्या मिरचीचा वास. ठसका लागून जागी झाले. लाटांचा आवाज मात्र थांबला नाही. तो पर्समधून येत होता.

कन्सोल सुरू होता. बेटावर रात्र झालेली, समुद्रावर चांदणं. मिरचीवर शीड पसरलेलं, तीन कोपऱ्यांवर तीन दगड. चौथ्यावर टोपी. आणि तो माणूस बोडक्या डोक्याने पायरीवर निवांत बसलेला.

मी घाबरले नाही. उलट सकाळपासूनची भीतीच उतरली, ताप उतरतो तशी. शेजारी बसलेल्या काकूंनी विचारलं, काही निरोप आला का वं?

"आला," मी म्हटलं. "येऊन राहिले."

नर्सने आमचं नाव पुकारलं ते त्यानंतर बऱ्याच वेळाने. ऑपरेशन नीट झालं होतं.

गेम बनवणाऱ्यांना मी मेल करून विचारलं. बटन दाबल्याशिवाय तो माणूस जागचा हलत नाही, म्हणाले. पर्समध्ये आपोआप बटनं दाबली जाऊन शीड येतं, दगड नेमके कोपऱ्यांवर बसतात...?

घरी आल्यावर बाबांना स्क्रीन दाखवली. बघितली, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "दाबली गेली असतील बटनं. मी वाचलो ते डॉक्टरच्या हातानं, टोपीनं नाही."

बरोबर आहे, म्हटलं. मग सकाळ करते बेटावर, टोपी उचलून त्या माणसाच्या डोक्यावर ठेवते. मी बटनावर बोट ठेवलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे वं," म्हणाले. "अजून काही दिवस राहू दे."