हृदयरोग विभागातलं आचमन

आमच्या हृदयरोग विभागात बारा खाटा आहेत आणि मी तिथली आया. चादरी बदलायच्या, भांडं द्यायचं, पेशंटची लघवी मापाच्या भांड्यात ओतून आकडा सिस्टरना सांगायचा, हे माझं काम. चौथीपर्यंत शिकले, म्हणून आकडे वाचता येतात. चारचौघांत बोलता मात्र येत नाही. डॉक्टर राउंडला आले की मी कपाट उघडून चादरी मोजत उभी राहते. इतक्या वेळा मोजलेल्या चादरी अख्ख्या बनारसमध्ये दुसरीकडे नसतील.

मागच्या थंडीत ब्रह्माघाटावरच्या मराठी वस्तीतले एक वैदिक गुरुजी दाखल झाले. हृदय कमजोर झालेलं, पाय सुजलेले, आडवं झालं की दम लागायचा. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला एक लिटर पाणी, वर थेंब नाही. चहा, दूध, वरण सगळं त्यातच धरायचं. सिस्टर केरळच्या, पण इथे पंधरा वर्षं काढल्यामुळे हिंदी पानवाल्यासारखी बोलतात. गुरुजींच्या पोटात गेलेला घोट न् घोट त्या खाटेशी लावलेल्या कागदावर लिहायच्या.

कागदावर एक लिटर आणि वजन रोज वर. तिसऱ्या दिवसापर्यंत दोन किलो वाढलं. रात्री तीन उशा लावून बसवावं लागायचं.

सिस्टर रोज काकूंना विचारायच्या, "माँजी, पानी तो नहीं दिया?" काकू म्हणजे गुरुजींच्या पत्नी. त्या छातीवर हात ठेवून सांगायच्या, "बिलकुल नहीं." खोटं नव्हतं ते. काकूंनी पाणी दिलंच नव्हतं. तीर्थ दिलं होतं.

आमच्या घाटांवरची माणसं आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातांनी येत नाहीत. कुणी घरच्या देवांचं तीर्थ आणायचं, कुणी मठातलं, कुणी नुसती गंगा बाटलीत भरून. दारावरचा गार्ड केळं सापडलं तरी जप्त करतो. पण तीर्थ म्हटलं की तोच आधी हात पुढे करायचा, पळीभर घ्यायचा, डोक्याला हात पुसायचा आणि पाहुण्याला आत सोडायचा. मग गुरुजींना एक पळी, लांबून आलेल्याच्या समाधानासाठी आणखी एक, जो घरी राहिला त्याच्या नावाची तिसरी.

त्यात सकाळ-संध्याकाळची संध्या. ती खाटेवर बसूनच चालायची. पूजेचं पाणी म्हणून सिस्टरनी तांब्याची परवानगी दिली होती. तो भरून मी द्यायची. "मुली, तांब्या भर गं," असं गुरुजी मराठीत म्हणायचे. वॉर्डात मला कुणी मराठीत हाक मारत नाही, त्यामुळे मी जरा काठोकाठच भरायची. संध्या झाली की ताम्हन मीच ओतायची. तांब्या रिकामा आणि ताम्हनात जेमतेम तळ ओला. मला दिसत होतं. आपल्या माणसांचं बाहेर कशाला सांगा, म्हणून गप्प होते.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी कागद सगळ्यांसमोर हवेत हलवला. "मशीन झूठ बोल रही है, कि आप?"

"जो देती हूँ, वही लिखती हूँ, सर."

"कल भी वज़न बढ़ा, तो आप इस यूनिट में नहीं रहेंगी."

सिस्टर पुढच्या पेशंटची सलाईन तपासायला गेल्या, पण थेंब मोजताना दोनदा चुकल्या. पंधरा वर्षांत मी त्यांना चुकताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी चादरी माझ्याही मोजून होईनात.

संध्याकाळी गुरुजी उठून बसले. "मुली, तांब्या."

मी रिकामा तांब्या धरून उभी राहिले. "गुरुजी, एक विचारू?"

"विचार की."

"आचमनाला पाणी किती घ्यायचं असतं?"

गुरुजी खूश झाले. चार दिवस जो तो त्यांना लघवीचंच विचारत होता. "उडदाचा दाणा बुडेल एवढं. त्याहून जास्त घेतलं तर ते आचमन नव्हे, नुसतं पिणं."

"मग तांब्या रिकामा कसा होतो?"

काकूंनी जपमाळ थांबवली. "तू दुर्गाघाटावरची ना? कुणाची गं?"

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"तरीच. ते बिचारे कधी तोंड उघडत नव्हते. तुझ्यात हे कुठून आलं?"

गुरुजींनी हातानेच त्यांना थांबवलं. "तहान लागते गं," ते मला म्हणाले. "घसा लाकडासारखा होतो. पाणी मागितलं की सिस्टर मोजते. तीर्थ कुणी मोजत नाही."

मी सिस्टरना जाऊन सगळं सांगितलं. तांब्या मीच भरत होते, हेही सांगितलं.

"रोज आप ही भरती थीं, दीदी?"

"हाँ."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त सिरिंज घेतली आणि काकूंची पळी मापून पाहिली. पाच मिली. मग कागदावर पट्टीने एक नवीन रकाना आखला आणि पेन माझ्या हातात दिलं. मी वर लिहिलं, तीर्थ.

दिवसाचं तीर्थ आणि संध्येचं पाणी मोजून एका छोट्या बाटलीत भरून ठेवायचं आणि येईल त्याने त्यातूनच द्यायचं, असं ठरलं. घशासाठी बर्फाचा लहान तुकडा, तोही मोजून. त्याच संध्याकाळी गल्लीतल्या एक बाई भला मोठा लोटा घेऊन आल्या. "म्हणजे आता देवाचं पण मोजणार?"

"मोजू दे," गुरुजी म्हणाले. "शास्त्रात आधीच मोजलेलं आहे. आम्हीच वाढवलं."

बाईंनी तो लोटा गार्डला दिला. गार्डने भक्तिभावाने संपवला.

सकाळी गुरुजींना काट्यावर उभं करताना सिस्टरनी आधी आकड्याकडे बघितलंच नाही. त्यांनी मला बघायला सांगितलं. सातशे ग्रॅम कमी होतं. मी तीनदा वाचलं, मग सांगितलं.

डॉक्टर आले. कागद खालून वर वाचला, वरून खाली वाचला. "ये तीर्थ क्या है?"

"पानी है, सर," सिस्टर म्हणाल्या.

उशाला टेकलेल्या गुरुजींनी मान हलवली. शास्त्राने आणि सिस्टरने एकच सांगितल्यावर डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं. त्यांनी सही केली. सॉरी म्हणतील असं मला वाटलं होतं, पण मोठ्या डॉक्टरांना ते औषध चालत नसावं. ते पुढच्या खाटेकडे वळले आणि मागे न बघता सिस्टरना म्हणाले, "चलिए, पाँच नंबर दिखाइए."

सिस्टरनी कागद परत खाटेला लावला, कोपरा सरळ केला आणि पाच नंबरकडे गेल्या.