बंद झालेल्या गाडीचे दरवाजे आजही बनतात, गेम मात्र गायब

मंडळी, आज डोकं फिरलंय.

चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्ट करून पिंपळे गुरवला घरी आलो, चहा घेतला आणि रेसिंगचा गेम लावला. स्क्रीनवर एकच ओळ: ‘सेवा कायमची बंद.’ अहो, डिस्क माझ्या कपाटात आहे! पण कंपनीचा सर्व्हर बंद, म्हणून एकट्यालाही खेळता येत नाही.

माझा मित्र इरफान गॅरेज टाकायला नांदेडला परत गेला, तेव्हापासून दर रविवारी आम्ही याच गेमवर भेटायचो. शर्यत कमी, गप्पा जास्त. त्याला फोन लावला.

“खपलाच न्हाई ना भावा. सगळ्यांनी नावं ठेवली, मग कंपनीनं गुंडाळला,” तो म्हणाला. मग हळूच, “आता रविवारी काय करायचं?”



आज सकाळीच आम्ही लाइनवर एका गाडीचे दरवाजे बनवले. ते मॉडेल कधीच बंद झालंय. तेही खपलं नव्हतं राव! पण ज्यांनी घेतलं त्यांना सुटे भाग लागतात, म्हणून पत्र्यातून दरवाजे घडवणारी प्रेस अजून चालते.

मला एवढंच सांगा, गाडी खपली नाही म्हणून आम्ही तुमच्या पार्किंगमधून ती उचलून नेली, तर चालेल का?