काष्टीचा पिंजरा

"भ्यायचं न्हाई, मी हाय." असं म्हणत ती पिंजऱ्यात हात घालायची आणि उंदराला शेपटीनं उचलून अलगद मनगटावर बसवायची. हे ती उंदराला सांगायची की मला, ते कधी कळलं नाही. उंदीर निवांत असायचा. दाराशी वही धरून उभी राहिलेली मीच थरथरत असायची.

तुम्ही कधी जिवंत पांढरा उंदीर तळहातावर घेतलाय? त्याचं काळीज आपल्या बोटांना लागतं. मी जन्माची भित्री, आणि नोकरी मिळाली ती नेमकी उंदरांची. सत्तर साल नुकतंच सरलं होतं. बी.एस्सी. होऊन मी नगरमधल्या एका दवाखान्याच्या मागच्या अंगाला असलेल्या संशोधन विभागात लागले. विभाग म्हणजे पत्र्याची लांबट शेड, पिंजऱ्यांच्या मांडण्या, एक सूक्ष्मदर्शक आणि माणसं तीन. डॉक्टरसाहेब, मी आणि ती. सगळा दवाखाना तिला मावशी म्हणायचा, म्हणून मीही.

दातांना लावायच्या मिश्रीनं कर्करोग होतो का आणि होत असेल तर कसा, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. उंदराच्या पाठीवरचे केस काढायचे, एक तीव्र रसायन एकदाच लावायचं आणि मग आठवड्यातून तीनदा मिश्रीचा अर्क कुंचल्यानं लावत राहायचं. मावशी खरं तर झाडलोटीला ठेवलेली, मी उंदरांना भ्यायची म्हणून कुंचला तिच्याच हाती आला. त्यात बाजारची मिश्री कधी कच्ची, कधी करपलेली यायची आणि डॉक्टर वैतागायचे.

"आवं, त्यात काय येवढं? आमी भाजतो तशी मी भाजून देती की," ती म्हणाली.

तेव्हापासून शेडच्या मागे चूल पेटायला लागली. लोखंडी तव्यावर तंबाखू काळीभोर होईपर्यंत ती परतायची. आवारातल्या नर्सा खोकून खोकून बेजार व्हायच्या. बरणी भरली की त्यातली चिमूट ती स्वतःच्या दातांना लावायची.

"बाई, तो प्रयोगाचा माल आहे!" डॉक्टर ओरडायचे.

"मंग मी बी चाखून बघती, बरा झालाय का," ती गंभीरपणे सांगायची. डॉक्टरांपुढे असं बोलायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती.

पिंजऱ्यांना नंबर होते, पण ते फक्त माझ्या वहीत. तिनं त्यांना आपल्या सोयऱ्यांच्या गावांची नावं दिली होती. काष्टीत थोरली बहीण, बेलवंडीत नणंद. "आज काष्टीवाली जेवली न्हाईत," असं ती सांगायची आणि मला निमूटपणे चार नंबरपुढे तशी नोंद करावी लागायची. बेलवंडीकरांना पाणी मात्र जरा उशिरानंच मिळायचं, असा माझा संशय आहे.

काही महिन्यांनी काष्टीच्या पिंजऱ्यातच पहिली गाठ दिसली. उंदराच्या पाठीवर, ज्वारीच्या दाण्याएवढी. डॉक्टर खूश झाले. प्रयोग लागू पडला होता ना! मला मात्र घरच्या बायका आठवल्या. आमच्या घरात आई, काकू, आत्या सगळ्या मिश्री लावायच्या. त्या आठवड्यात मी रोज आरशापुढे उभी राहून स्वतःचं तोंड उघडून बघितलं. मी मिश्रीला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं, तरीही.

मावशीनं उंदीर मनगटावर घेऊन ती गाठ निरखली. मग हळूच म्हणाली, "ह्ये म्या भाजलेल्यानं झालं व्हय?"

मी होकारार्थी मान हलवली. तिनं उंदीर परत पिंजऱ्यात ठेवला.

महिनाभरात त्या पिंजऱ्यातल्या सगळ्यांनाच तशा गाठी आल्या आणि तेव्हा तिनं मला खिडकीपाशी नेलं. "बघ गं पोरी, हितं आतून खरबरीत लागतंय." तिनं बोटानं गाल ओढून धरला. आत पांढरा चट्टा होता, चुना फासल्यासारखा. असे चट्टे मी डॉक्टरांच्या पुस्तकात पाहिले होते. खालचा मजकूरही वाचला होता.

"काही नाही मावशी, तोंड आलंय. तूप लावा," मी म्हणाले.

असं का म्हणाले? तुम्ही विचाराल म्हणून सांगते, मी घाबरले. डॉक्टरांना सांगावं, एवढंही धाडस झालं नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत दोन महिने गेले. रोज ती हसून बोलली की मला वाटायचं, बरी दिसतेय की. आणि ती पाठमोरी झाली की मला तो चट्टा दिसायचा.

मग एक विचित्र गोष्ट घडली. गाठी मोजायला बसले तर काष्टीच्या पिंजऱ्यातल्या गाठी कमी होत चाललेल्या. बाकी सगळीकडे वाढत होत्या, इथं मात्र दोन उंदीर सोडले तर दाण्यांची खसखस झालेली. उंदीर बदलले गेले, वही चुकली, असं म्हणत डॉक्टरांनी मला फैलावर घेतलं. मी रडकुंडीला आले, तेव्हा मावशी केरसुणी टाकून पुढे आली.

"तिला नका बोलू साहेब. म्या थांबवलं."

"काय थांबवलं?"

"काष्टीवाल्यांना अर्क लावायचं. अर्क ज्यात कालवता ना, ते नुसतं पाणी लावत हुते, म्हंजी कुनाच्या ध्यानात यायचं न्हाई. दोन म्हैनं झालं."

डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. इतक्या महिन्यांची मेहनत! "का पण? का केलंत असं?"

"बघायचं हुतं," ती म्हणाली, "मागं फिरतंय का ते." मग माझ्याकडे वळली. "तूप लावा म्हनलीस तवाच मला कळलं गं. तुझ्या तोंडावरचं रगात उडाल्तं."

असं मेल्याहून मेल्यासारखं मला आयुष्यात पुन्हा कधी झालं नाही.

डॉक्टर रागावायचे थांबले. स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि पहिल्यांदाच तिला नीट समजावून सांगितलं. पहिल्या रसायनानं पेशीच्या मुळात खोट पडते, ती जात नाही. मिश्री उंदराच्या पाठीवर बहुतेक मूळ बदलत नसावी, पेशीची वागणूक बिघडवत असावी. मिश्री थांबली तर वागणूक ताळ्यावर येऊ शकते.

"म्हंजी पोरगं वंगाळ न्हाई, संगत वंगाळ."

"अगदी तसंच."

"आन् संगत सोडवली तर सुधरतंय."

"काही सुधारतात, बाई. फार दिवस झाले तर नाही." त्यांनी पिंजऱ्यातले दोन उंदीर दाखवले. त्यांच्या गाठी अर्क थांबूनही वाढतच होत्या. "दोन महिन्यांपूर्वी ह्या सगळ्या गाठी सारख्याच दिसत होत्या. कोणती मागे फिरेल, ते बाहेरून बघून सांगता येत नाही. आणि हे उंदरांचं झालं. माणसाचं आम्हाला अजून पुरतं ठाऊक नाही."

मावशीनं त्या दोन उंदरांकडे पाहिलं, मग उरलेल्यांकडे.

"मंग मी कंच्यातली?"

डॉक्टरांनी बॅटरी घेतली आणि तिचं तोंड तपासलं. चट्टा आता दोन्ही गालांत होता. मग म्हणाले, गालातला तुकडा काढून तपासायला पुण्याला पाठवू.

तिनं मिश्री त्याच दिवशी सोडली. चूलही मोडली आणि डॉक्टरांना बजावलं की आता भाजायला दुसरी बघा. बहिणीला सांगायला एकदा काष्टीलाही जाऊन आली. "आईकती व्हय ती? म्हनली, आपल्या आजीला कुठं काय झालं." हे सांगताना ती हसली, पण हसताना गाल दाबून धरला. उजव्या गालातला चट्टा खरंच विरत चालला होता. डाव्या गालात मात्र आता जखम होती. पुण्याचा कागद आला, तो डाव्या बाजूचा. डॉक्टरांनी तो वाचून घडी घातली, आणि या वेळी मी पळून गेले नाही. तिला मीच सांगितलं.

मुलगा तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. ती परत आली नाही. दिवाळीनंतर त्याचं कार्ड आलं, चार ओळींचं. ते मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं आणि पिंजऱ्यांना पाणी घालायला गेले.

मला तिची आठवण येते ती नगरच्या एस.टी. स्टँडवरची. मुलगा तिकिटाच्या रांगेत होता. ती बाकावर बसली होती, गाठोडं मांडीवर घेऊन. गेले कित्येक दिवस मनात घोळणारं मी बोलून टाकलं.

"मावशी, मी त्याच दिवशी सांगितलं असतं तर?"

तिनं गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. समोरून एक गाडी धूळ उडवत निघून गेली.

"सांगितलं असतंस तरी म्या ऐकलं नसतं," ती म्हणाली. "त्या उंदरांचं बघितल्याबिगर मला खरंच वाटलं नसतं."

खरं होतं का ते? ती ऐकणारी बाई होती. स्वतःहून गाल ओढून दाखवायला आली होती माझ्याकडे. मी पुन्हा विचारायच्या आत मुलानं हाक मारली. ती गाडीत चढून खिडकीशी बसली. दुखऱ्या गालावर तिनं पदर धरला होता, त्यामुळे ती माझ्याकडे बघून हसली की नाही, ते मला दिसलं नाही.